मिरचीवरचा आळ आणि पोटातले आम्ल

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सिल्लोड तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून जो मुलूख पसरला आहे, तो बाहेरच्या जगाला वाघूर नदीच्या वळणावरील लेण्यांमुळे ठाऊक असला, तरी राज्यातल्या भाजीबाजारांत त्याची ओळख हिरव्या मिरचीचा मुलूख अशीच आहे. पावसाळ्यात येथील गावोगाव मिरचीची तोडणी जोरात चालते, भरलेल्या गोण्या संध्याकाळच्या बाजाराला लागतात, आणि जे पीक शेतात त्याचाच ठेचा भाकरीवर, हा येथील रोजच्या जेवणाचा साधा हिशेब आहे. अशा मुलखात कोणाच्या पोटात आग पडू लागली, आंबट ढेकरा येऊ लागल्या, रात्री‑अपरात्री पोटाच्या वरच्या भागात कुरतडल्यासारखे दुखू लागले, की पहिला आळ मिरचीवर यावा यात नवल नाही. घरातली वडीलधारी माणसे ठेचा बंद करायला सांगतात, मेडिकलवाला पित्ताची गोळी काढून देतो, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. वैद्यकशास्त्राने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या दुखण्याचा जो उलगडा केला, त्यात मिरची जवळजवळ निर्दोष सुटली आणि दुसरेच दोन आरोपी पुढे आले. जठरातील आम्ल कमी करणारी औषधे याच शोधाच्या वाटेवर जन्मली, आणि आज ती घराघरांत इतकी रुळली आहेत की ती नेमकी कशासाठी आहेत, हेच अनेकांच्या लक्षातून सुटले आहे.

मराठी बोलीत ‘पित्त’ हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. डोके चढले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, मळमळले तरी पित्तच. यकृतात तयार होणारा हिरवट‑पिवळा कडू रस, ज्याला शरीरशास्त्र पित्त म्हणते, त्याचा छातीतल्या जळजळीशी सहसा संबंध नसतो. ही जळजळ जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्लामुळे होते. आयुर्वेदाने मात्र ‘अम्लपित्त’ या नावात आंबटपणाची खूण नेमकी पकडली होती, आणि काश्यपसंहितेत व माधवनिदानात या विकाराचे स्वतंत्र वर्णन आले आहे. जठरातील हे आम्ल हायड्रोक्लोरिकच आहे, हे इंग्लंडमधील विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये दाखवून दिले.

प्रौढ माणसाचे जठर दिवसाकाठी साधारण दीड ते दोन लिटर रस स्रवते आणि उपाशीपोटी त्याची तीव्रता लिंबाच्या रसाच्या बरोबरीची किंवा त्याहूनही अधिक असते. हे आम्ल जठराच्या अस्तरातील विशिष्ट पेशी तयार करतात. त्यांना भित्तिपेशी म्हणतात. आम्लाचे काम दुहेरी आहे: अन्नपाण्यातून येणारे बहुतेक जंतू ते मारते आणि पेप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराला, म्हणजे पचनक्रियेला गती देणाऱ्या रासायनिक द्रव्याला, कामाला लावते. मांस पचवणारा हा रस जठराला स्वतःला का पचवत नाही, या प्रश्नाचे उत्तर अजिंठ्याच्या भिंतींशी ताडून पाहण्यासारखे आहे. तेथील चित्रे खडकावर थेट काढलेली नाहीत. ओबडधोबड कातळावर आधी भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू कालवलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग, अशी ती घडण आहे, आणि जिथे हा थर सुटून पोपडा पडला तिथे कातळ उघडा झाला आहे. जठराच्या आतल्या बाजूलाही असाच एक लेप असतो. श्लेष्मा नावाचा चिकट पदार्थ आणि त्यात जिरलेले, आम्लाला मारक असे बायकार्बोनेट यांनी तो बनतो आणि त्याच्या आडोशाने खालच्या पेशी सुरक्षित राहतात. फरक एवढाच की अजिंठ्याचा गिलावा एकदाच लागला, जठराचे अस्तर मात्र तीन ते पाच दिवसांत नवे होत राहते. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये या लेपाची राखण करतात, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

या लेपाचे कवच दुबळे पडले की आम्ल आणि पेप्सिन खालच्या पेशींना खाऊ लागतात आणि तेथे खळगा पडतो. हा खळगा म्हणजेच अल्सर. मराठी वैद्यकीय परिभाषेत त्याला पचनज व्रण म्हणतात. तो जठरात असतो किंवा ग्रहणीत, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या वीतभर लांबीच्या पहिल्या भागात. ग्रहणीतल्या व्रणाचे दुखणे बहुधा उपाशीपोटी आणि मध्यरात्रीनंतर उठते व दोन घास खाल्ले की शमते, तर जठरातल्या व्रणाचे दुखणे कित्येकदा जेवणानंतर वाढते. ही खूण नेहमीच पक्की नसते. छातीत जळजळणे हा वेगळा प्रकार असून त्यात आम्ल जठरातून वर अन्ननलिकेत चढते, तिथे जठरासारखा लेप नसल्याने आग होते, व्रण असेलच असे नाही. मेडिकलच्या काउंटरवर मात्र हे सारे ‘अ‍ॅसिडिटी’ या एकाच शब्दात जमा होते, आणि निम्मा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मिरचीची बाजू ऐकायची तर १९८४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका भारतीय अभ्यासाकडे वळावे लागते. दिल्लीतील संशोधकांनी ग्रहणीत व्रण असलेल्या ५० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना आम्लनाशक औषध आणि रुग्णालयाचे नेहमीचे जेवण दिले, पण एका गटाच्या जेवणात रोज ३ ग्रॅम लाल तिखट जास्तीचे घातले. चार आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिले असता व्रण भरून येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच आढळले. पुढे सिंगापूरमधील संशोधकांना असे दिसले की मिरची भरपूर खाणाऱ्यांत व्रणाचे प्रमाण उलट कमीच असते, आणि निरोगी माणसांना अ‍ॅस्पिरिनपूर्वी मिरचीची पूड दिली तर अस्तराला होणारी इजाही घटते. मिरचीतील कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य चेतातंतूंना डिवचते, म्हणून जळजळ जाणवते. जाणवणे आणि इजा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचे आम्ल आधीच अन्ननलिकेत चढते, त्याला ठेच्याने त्रास होऊ शकतो आणि त्याने तो टाळावा हे खरे, पण ठेच्याने व्रण पडतो हा आरोप पुराव्यावर टिकत नाही.

मिरचीखेरीज भाताकडेही एकेकाळी संशयाने पाहिले गेले. भारतीय रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये असे मांडले की रेल्वे कर्मचाऱ्यांत दक्षिणेकडील भात खाणाऱ्यांना व्रणाचा त्रास अधिक होतो आणि उत्तरेकडील पोळी खाणाऱ्यांना कमी. पोळी चावावी लागते, लाळ अधिक सुटते आणि ती आम्लाला मारक ठरते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. म्हैसूरमध्ये दीर्घकाळ शस्त्रक्रिया केलेले ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रँक टोवी यांनीही पुढे मुख्य धान्य आणि व्रण यांचा नकाशा मांडला. ज्वारी‑बाजरीची भाकरी खाणाऱ्या मराठवाड्याला हे ऐकून बरे वाटेल, परंतु धान्य हे फार तर संरक्षणाचे एक अंग आहे, कारण नव्हे, असाच निष्कर्ष आज निघतो. तरीही पन्नास‑साठ वर्षांपूर्वी या देशातील डॉक्टर एवढ्या बारकाईने ताटाकडे पाहत होते, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

आम्लाला थोपवण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे ते जागीच मारणे. खाण्याचा सोडा पाण्यातून घेतला की त्याची आम्लाशी क्रिया होऊन मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, आणि तो वायू ढेकर होऊन बाहेर पडताच माणसाला मोकळे वाटते. ढेकर ही पित्त निघून गेल्याची खूण नसून चुलीवरचा फेस उतरल्याची खूण आहे. फसफसणारे ईनो याच तत्त्वावर चालते. आयुर्वेदातील शंखभस्म, कवडीपासून केलेले कपर्दिक भस्म आणि प्रवाळभस्म ही मूलतः कॅल्शियमची संयुगे असून तीही आम्ल शोषून घेतात. महाराष्ट्रात घरोघरी माहीत असलेल्या सूतशेखरात शंखभस्म असते खरे, पण शास्त्रोक्त पाठात त्याच्या जोडीला पारा, गंधक, बचनाग आणि धोत्राही असल्याने तो मोरावळ्यासारखा वाटेल तेव्हा चाटण्याचा पदार्थ नाही. वैद्याच्या देखरेखीविना तो घेऊ नये. दुकानात मिळणाऱ्या गुलाबी किंवा पांढऱ्या पातळ औषधांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड एकत्र असतात, आणि ही जोडी योगायोगाची नाही: पहिल्याने जुलाब होतात, दुसऱ्याने मलावरोध, म्हणून दोघांचा तोल साधला जातो. गार दुधाचा घरगुती उपाय काही मिनिटे सुखावतो, मात्र दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम थोड्याच वेळात जठराला अधिक आम्ल स्रवायला लावतात. तरीही अमेरिकेतील बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ मध्ये सांगितलेला, तासातासाला दूध‑साय पाजण्याचा आहार डॉक्टरांनी अनेक दशके निष्ठेने चालवला.

हे सगळे उपाय तासा‑दोन तासांचे. आम्ल मारले तरी भित्तिपेशी नवे तयार करीत राहतात, त्यामुळे खरा प्रश्न कारखानाच बंद कसा करायचा हा होता. औषध नव्हते तेव्हा ते काम शस्त्राने होई. शिकागोचे लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी १९४३ पासून जठराकडे जाणाऱ्या व्हेगस या चेतातंतूला छेद देण्याची शस्त्रक्रिया रुजवली, आणि मराठवाडा ज्याला नुसते ‘घाटी’ म्हणतो ते १९५६ मध्ये स्थापन झालेले छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तो काळ देशभरातील शल्यविभागांत अशा शस्त्रक्रियांचाच होता. आज त्या क्वचितच कराव्या लागतात, आणि त्याचे श्रेय दोन लहान गोळ्यांना जाते.

पहिली गोळी जेम्स ब्लॅक यांच्या कल्पनेतून आली. भित्तिपेशीला आम्ल तयार करण्याचा निरोप तिघांकडून जातो: चेतातंतूंतून येणारे असेटिलकोलिन, रक्तातून येणारे गॅस्ट्रिन हे संप्रेरक आणि शेजारच्या पेशींतून येणारे हिस्टामिन. हिस्टामिन पेशीवरील ज्या ठिकाणी, कुलपात किल्ली बसावी तसे बसते, त्या ठिकाणाला ग्राही म्हणतात. सर्दी‑खाज थांबवणाऱ्या हिस्टामिनविरोधी गोळ्यांचा आम्लावर काहीच परिणाम होत नाही, यावरून जठरातले कुलूप वेगळे असले पाहिजे, असा ब्लॅक यांचा कयास होता. इंग्लंडमधील वेल्विन गार्डन सिटी येथे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६४ पासून त्यांच्या चमूने हिस्टामिनच्या रेणूत फेरफार करून शेकडो संयुगे बनवली. एक तोंडाने घेण्याजोगे नव्हते, दुसऱ्याने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू लागल्या. अखेर सिमेटिडीन हाती लागले आणि १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये ते विक्रीस आले. किल्लीसारखीच दिसणारी पण कुलूप न उघडणारी वस्तू आत अडकवून ठेवावी, तसे ते काम करते. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या शोधाचा वाटा मोठा होता. पाठोपाठ १९८१ मध्ये ग्लॅक्सो कंपनीचे रॅनिटिडीन आले. ते अधिक प्रभावी आणि इतर औषधांशी कमी भांडणारे असल्याने काही वर्षांतच जगातील सर्वाधिक खपाचे औषध बनले.

भारतात या गोळ्या गरिबाच्या खिशाला परवडल्या याचे कारण शास्त्रात नव्हे, कायद्यात आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी न देता फक्त ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर दिली, त्यामुळे २००५ मध्ये कायदा बदलेपर्यंत वेगळ्या मार्गाने तेच औषध बनवण्याची मोकळीक भारतीय कंपन्यांना होती. झिनटॅक, रॅनटॅक, अ‍ॅसिलॉक ही नावे खेड्यापाड्यांतल्या जिभेवर रुळली ती त्या काळात. पुढे रॅनिटिडीनचे ग्रह फिरले. काही साठ्यांत एनडीएमए हे कर्करोगाचा संशय असलेले द्रव्य आढळल्याने सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने इशारा दिला आणि एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले. उष्णतेत साठवल्यास हे द्रव्य वाढते, असेही निष्पन्न झाले. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीतून रॅनिटिडीन वगळण्यात आले. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली जिथली दुकाने तापतात, त्या भागासाठी उष्णतेचा हा मुद्दा किरकोळ नाही.

दुसऱ्या गोळीने निरोप्यांना अडवण्याऐवजी थेट यंत्रालाच हात घातला. निरोप कोणत्याही वाटेने येवो, आम्ल बाहेर टाकण्याचे अखेरचे काम भित्तिपेशीच्या पडद्यावरचा एक सूक्ष्म पंप करतो. पोटॅशियमचा कण आत घेऊन त्याच्या बदल्यात हायड्रोजनचा कण, म्हणजेच प्रोटॉन, तो बाहेर ढकलतो, आणि रक्ताच्या तुलनेत तेथील आम्लता दहा लाख पटींहून अधिक वाढवतो. स्वीडनमधील अ‍ॅस्ट्रा समूहाच्या हेस्ले कंपनीने १९७९ मध्ये ओमेप्राझोल तयार केले, ते या प्रोटॉन पंपाला कायमचे जखडते, आणि १९८८ पासून ते वापरात आले. लॅन्सोप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल ही त्याची धाकटी भावंडे.

ही गोळी हातात घेऊन पाहिली तर तिच्या घडणीतच वापराची पद्धत लिहिलेली असते. आतले औषध जठरातील आम्लात टिकत नाही, म्हणून गोळीवर आम्लात न विरघळणारे गुळगुळीत आवरण असते, आणि कॅप्सूल उघडली तर खसखशीएवढ्या प्रत्येक दाण्यावर तेच आवरण वेगळे चढवलेले दिसते. गोळी जठर ओलांडून आतड्यात विरघळते, औषध रक्तात जाते आणि रक्तातून फिरून पुन्हा भित्तिपेशीकडे येते. तेथे पंप चालू असेल तरच, त्यानेच बाहेर टाकलेल्या आम्लात औषधाचे रूप पालटते आणि ते त्याच पंपाला चिकटते. म्हणजे ज्या आम्लापासून त्याला जपत आणले, तेच आम्ल अखेर त्याला जागे करते. पंप जेवणाच्या वेळी सर्वाधिक चालू होतात, म्हणून ही गोळी जेवणापूर्वी अर्धा तास, बहुधा सकाळी, घ्यायची असते. जेवून उठल्यावर घेतली तर तिचा बराचसा गुण वाया जातो. गोळी चावणे किंवा कुटून देणे म्हणजे आवरण फोडून औषध मारणे. पहिल्याच दिवशी सगळे पंप जखडले जात नाहीत, पूर्ण परिणामाला तीन‑चार दिवस लागतात, त्यामुळे ताबडतोब आराम हवा असणाऱ्याला पातळ आम्लनाशक अधिक उपयोगी पडते. रक्तातून औषध काही तासांत नाहीसे झाले तरी जखडलेला पंप सुटत नाही. पेशीने नवा पंप बनवेपर्यंत परिणाम टिकतो, म्हणून दिवसाला एक गोळी बहुधा पुरते. ग्रहणीतील व्रण साधारण चार आणि जठरातील आठ आठवड्यांत भरून येतो.

पण भरलेला व्रण पुन्हा का उघडतो, हा प्रश्न आम्लाच्या सिद्धांताला सुटत नव्हता. गोळी थांबवली की वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्णांचे दुखणे परतत असे, आणि चिंता, तिखट, जागरण यांच्या माथी दोष मारला जाई. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या सुजलेल्या अस्तरात नागमोडी जंतू दिसत होते. आम्लात जंतू जगूच शकत नाहीत या समजुतीपुढे त्यांचे कोणी ऐकेना. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने त्यांची साथ धरली. जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की काचेच्या बशा टाकून दिल्या जात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत त्या तशाच राहिल्या आणि त्यांवर जंतू उगवले. १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतः प्यायले आणि काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करून आपल्याभोवतीचे आम्ल मारतो आणि लेपात तळ ठोकतो. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो. तो बहुधा बालपणीच, दाटीवाटीच्या घरांतून आणि अशुद्ध पाण्यातून येतो. बहुतेकांना तो आयुष्यभर काही करत नाही, काहींना व्रण देतो आणि थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. ज्याला व्रण आहे त्याची जंतूसाठी तपासणी झालीच पाहिजे, मग ती दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची असो, श्वासाची असो वा मळाची. तपासणीआधी पंप थांबवणारी गोळी दोन आठवडे, डॉक्टरांना विचारून, बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू दबून राहून निकाल खोटा येतो. जंतू सापडल्यास दोन वा अधिक प्रतिजैविके आणि आम्लरोधक गोळी असा उपचार साधारण १४ दिवस घ्यायचा असतो, आणि मग व्रण परतण्याचे प्रमाण झपाट्याने खाली येते. येथील जंतू मेट्रोनिडाझोलसारख्या प्रतिजैविकांना मोठ्या प्रमाणात निर्ढावले असल्याने हा उपचार मध्येच सोडणे महागात पडते. जंतूचा विचार न करता वर्षानुवर्षे नुसती पित्ताची गोळी देत राहणे, म्हणजे छप्पर गळते आहे हे माहीत असून रोज जमीन पुसत बसणे होय.

दुसरा आरोपी घरातच असतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दुखणे कमी करतात त्या प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ न देऊन, हे ब्रिटनचे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले; आणि जठराच्या लेपाची राखण करणारी द्रव्ये तीच. मिरची तोडणारी किंवा कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकून काम करते, संध्याकाळी कंबर धरते, मेडिकलमधून दोन गोळ्या आणून चहाबरोबर घेते आणि सकाळी पुन्हा शेतात जाते. महिनोन्‌महिने हे चालले की एक दिवस पोट दुखू लागते आणि दोष दुपारच्या ठेच्याला मिळतो. या गोळ्या इंजेक्शनातून घेतल्या तरी धोका टळत नाही, कारण इजा रक्तावाटेही होते. साठीपुढच्या, पूर्वी व्रण झालेल्या किंवा हृदयविकारासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या माणसाला वेदनाशामक देणे भागच असेल, तर जोडीला आम्लरोधक देणे हा शहाणपणा आहे; येथे ही गोळी रक्तस्राव टाळते.

अडचण अशी की आता ती प्रत्येक चिठ्ठीत असते. ताप असो, खोकला असो, प्रतिजैविक असो, एक पित्ताची गोळी सोबत येतेच, आणि पट्टीच्या मागे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही असे छापलेले असूनही पँटोप्राझोल मागितले की मिळते. यावर अजिंठ्याच्याच भिंती पुन्हा आठवतात. निजामाच्या राज्यात १९२० च्या सुमारास इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी चित्रांचे पोपडे मोठ्या कसबाने जागी बसवले आणि वर लाखेपासून केलेल्या शेलॅकचा थर दिला. सुटणारे रंग वाचले हे त्यांचे ऋण, पण तो थर कालांतराने पिवळा पडला, धूळ धरू लागला आणि चित्रेच झाकोळली, आणि पुढच्या पिढ्यांना तो उतरवत बसावे लागले. आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवल्यानेही असेच काही मागे राहते: ब‑१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होते, आतड्याच्या संसर्गाची शक्यता वाढते, आणि म्हाताऱ्या माणसांत हाडे मोडण्याचा धोका थोडा वाढलेला आढळला आहे. मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याची उदाहरणे पुढे आल्यावर भारताच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालण्याचा आदेश दिला. या गोष्टी थोड्यांनाच होतात. त्यांचा बाऊ करून गरजूने गोळी सोडू नये. मात्र गोळी महिनोन्‌महिने घेऊन एकाएकी थांबवली की दबलेल्या भित्तिपेशी दुप्पट जोमाने आम्ल ओततात, पूर्वीपेक्षा जास्त जळजळते, आणि माणसाला वाटते की आपल्याला ही गोळी जन्माची लागली. तसे नसते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवता येते आणि ते वाईट दिवस बहुधा काही आठवड्यांत सरतात.

या गोळीचा सर्वांत मोठा धोका मात्र तिच्या दुष्परिणामांत नसून तिच्या गुणात आहे: ती दुखणे इतके छान झाकते की व्रणातून रक्त येत असले, किंवा जठरात कर्करोग वाढत असला, तरी काही काळ पत्ता लागत नाही. वजन आपोआप उतरणे, घास अडकणे, वारंवार उलट्या, चेहरा पांढरा पडणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही असेल तर गोळीआधी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. डांबरासारखा काळा, चिकट, उग्र वासाचा मळ किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी म्हणजे आत रक्तस्राव होत आहे. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा होतो हे खरे, पण तो असा चिकट नसतो. आणि पोट एकाएकी असह्य दुखून फळीसारखे कडक झाले तर व्रण फुटला असण्याची शक्यता असते; अशा वेळी सोडा, दूध, गोळी काहीही पोटात घालू नये. अजिंठ्याहून घाटी रुग्णालय नव्वद‑शंभर किलोमीटर दूर आहे, वाटेत सिल्लोड आहे आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते; रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता निघावे.